पुकाऱ्याआधीचे कागद

[दृश्य: नाशिकच्या सीबीएसचा (मध्यवर्ती बस स्थानकाचा) चौक, सकाळ. एसटीतून उतरणारी माणसं, हातात प्लास्टिकच्या फायली.]

निवेदन:

सकाळचे साडेदहा. सीबीएसला उतरलेली माणसं कोर्टाकडे वळली आहेत. कुणाबरोबर आई आहे, कुणाबरोबर मामा. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या दाव्यांची यादी, बघायचा. आपल्या दाव्याचा नंबर कितवा आहे त्यावरून पुकारा, म्हणजे आपल्या नावाची हाक, साधारण कधी होईल याचा अंदाज येतो.

घटस्फोटाचा दावा म्हटलं की डोळ्यांसमोर काळे डगले आणि युक्तिवाद येतात. प्रत्यक्षात दावा रखडतो तो पत्त्यापायी आणि प्रतिज्ञापत्रापायी.

आधी, दावा कुठे लावायचा? हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ सांगतं: लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटचं जिथे एकत्र राहिले तिथे किंवा समोरचा जिथे राहतो तिथे. अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या राहते तिथेही चालतो. ही मुभा २००३ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे लग्न साताऱ्याला, संसार पुण्यात, आणि आता मुलगी पंचवटीत माहेरी असेल, तर तिला नाशिकला दावा लावता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी मात्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय असतं. हद्द आधी विचारून घ्या. चुकीच्या कोर्टात दाखल केलेला अर्ज परत मिळतो, गेलेले महिने मिळत नाहीत.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. असाधारण त्रास असेल तर कोर्टाची वेगळी परवानगी लागते.

[दृश्य: टेबलावर कागद एकेक करून ठेवले जातात.]

लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असल्यास तो, दोघांचे आधार, मुलांचे जन्मदाखले. आणि एका कोऱ्या कागदावर तारखा: लग्न कधी, वेगळे कधी झालो, मध्ये परत कधी नांदायला गेलो. शेवटची ओळ बरेच जण लिहीत नाहीत. पण सोडून गेल्याच्या कारणावर घटस्फोट मागायचा तर अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मध्येच परत नांदायला गेल्याचं उलटतपासात बाहेर आलं, तर हिशोब कोलमडतो.

खर्चाचं थोडक्यात. १९९४ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनुसार घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तरी बाहेरच्या टेबलावर स्टॅम्प पेपर आणायला सांगणारे भेटतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आता पत्ता.

[दृश्य: नोटिशीचं परत आलेलं पाकीट. पाठीमागे पेनाने शेरा: ‘घर बंद’.]

हे पाकीट बघा. अर्ज दाखल झाला, नोटीस निघाली, परत आली. पुढची तारीख पडली, पुन्हा नोटीस, पुन्हा शेरा. समोरच्यावर नोटीस बजावली गेल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. ‘सिडको, नाशिक’ एवढ्यावर बेलीफ, म्हणजे नोटीस बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, घर शोधू शकत नाही. सिडकोत स्कीम कोणती आणि घर नंबर काय, गंगापूर रोडला सोसायटीचं नाव, विंग, मजला, खेड्यात वस्तीचं किंवा मळ्याचं नाव आणि जवळची खूण, हे सगळं अर्जात यायला हवं. समोरचा सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात असेल तर कंपनीचा पत्ताही द्या. बेलीफाबरोबर स्वतः जाऊन घर दाखवणं हा जुनाच उपाय, आणि अजूनही लागू पडतो.

नोटीस घ्यायची टाळली म्हणजे दावा अडला, हा उलट्या बाजूचा गैरसमज. नोटीस नाकारली तरी ती बजावल्याचं धरता येतं आणि दावा एकतर्फी चालतो. असा एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा आदेश) रद्द करून घ्यायला साधारणपणे ३० दिवस असतात. त्यानंतर उशीर का झाला, हे पटवून द्यावं लागतं.

[दृश्य: समुपदेशकाची खोली, बंद दार, बाहेर बाकडं.]

दोघं हजर झाले की प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जातं. आधी वेगवेगळं, मग एकत्र बोलणं होतं. इथे जे बोललं जातं ते पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे मोकळं बोलायला हरकत नाही. समुपदेशन म्हणजे ‘नांदायला पाठवणार’ असं समजून लोक येतच नाहीत, आणि तारखा वाया घालवतात. मुलं शनिवार-रविवार कुणाकडे, दागिने कुणाच्या लॉकरला, असे गुंते पुष्कळदा याच खोलीत सुटतात.

परस्परसंमतीचा रस्ता जवळचा. किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांचा एकत्र अर्ज. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा दोघांनी येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे सहा महिन्यांची ही थांबणूक माफ होऊ शकते. त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलं, सामान यांचा निकाल लागलेला असावा. माफीचा अर्ज पहिल्या हजेरीनंतर आठवड्याने करता येतो.

अटी लिहिताना ‘स्त्रीधन परत मिळाले’ असं मोघम लिहू नका. किती तोळे, कोणते दागिने, कधी दिले, ते मांडा. एकरकमी पोटगी असेल तर किती रक्कम पहिल्या अर्जाला आणि किती दुसऱ्या हजेरीला, डीडीने की खात्यावर, हेही लिहा. सासरच्यांवर फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो घटस्फोटाबरोबर आपोआप संपत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, नाशिककरांसाठी म्हणजे मुंबईला. त्याचा खर्च कुणी करायचा तेही अटींत असू द्या.

[दृश्य: द्राक्षबाग. मग सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या.]

आणि आता खरा गुंता, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. २०२० मधल्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं असतं. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये किंवा ओझरच्या एचएएलमध्ये (विमान कारखान्यात) नोकरी असेल तर पगारपत्रकावर काम भागतं. पण नवऱ्याची निफाडला तीन एकर बाग असेल तर? तो म्हणतो, पावसाने बाग गेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. ती म्हणते, माल निर्यातीला जातो. कोर्ट दोघांच्या तोंडाकडे बघून आकडा ठरवत नाही. सातबारा, आठ-अ (एकूण जमिनीचा खातेउतारा), पीककर्जाचा खातेउतारा, गेल्या दोन-तीन हंगामांच्या व्यापाऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) आणि बँकेचं स्टेटमेंट एकापुढे एक ठेवलं की चित्र दिसतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर बाग कोण कसतो आणि पैसे कुणाच्या खात्यावर येतात, हे दाखवावं लागतं. हा नमुना भरताना रकाने रिकामे सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. न सांगितलेलं खातं नंतर उघड झालं की बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास उरत नाही.

त्या निकालाने आणखी एक ठरवलं: पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. म्हणून ‘आधी बोलणी करून बघू’ म्हणत अर्ज लांबवला, की तितक्या महिन्यांची रक्कम बुडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं १२५) मंजूर पोटगी थकली, तर ती थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. अनेकींची जुनी थकबाकी याच अटीत अडकते.

[दृश्य: मोबाइलवरचे चॅट, शेजारी त्यांच्या प्रिंट.]

चॅटचे नुसते स्क्रीनशॉट छापून आणले तर हरकत येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तारखा ई-कोर्ट्सच्या अॅपवर दिसतात. आपल्या दाव्याचा १६ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर नंबर, फाइलच्या पाठीमागे लिहून ठेवा. तारखेला येणं शक्य नसेल तर वकिलामार्फत अर्ज द्या. दोन-तीनदा नुसतंच गैरहजर राहिलं, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो.

[दृश्य: नक्कल विभागाची खिडकी.]

हुकूमनामा झाल्यावर सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला एकदमच मागवा. पासपोर्ट, बँक, रेशनकार्ड, सगळीकडे लागते. एकतर्फी किंवा वादातून झालेल्या निकालात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून नावं, आडनावं आधारशी आणि लग्नाची तारीख लग्नपत्रिकेशी ताडून बघा. ‘ज्योती’चं ‘ज्योति’ झालं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा साधा अर्ज त्याच कोर्टात देता येतो.