पाच फुटांवरून दिसणारा आलेख

श्रोतेहो, नमस्कार. आलेखांविषयी बोलायचं आणि तेही रेडिओवर! पण तोंडी सांगता येत नाही तो आलेख बहुधा कागदावरही फसलेलाच असतो, म्हणून धीर करते.

‘आविष्कार’सारख्या संशोधन स्पर्धेत पोस्टरांच्या रांगा लागतात. प्रबंध मांडीवर घेऊन वाचायचा असतो, पोस्टर उभ्यानं, तेही गर्दीत. तरी आपण प्रबंधातलाच आलेख उचलून ताणतो. मीही तेच केलं होतं. स्क्रीनशॉट घेऊन गेले, तर फ्लेक्सवाला म्हणाला, “ताई, पिक्सेल फुटतायत.” बिचाऱ्याचं बरोबर होतं. पोस्टरसाठी आलेख नव्यानंच काढायचा.

आता डोळे मिटा. समजा, सोयाबीनच्या दोन वाणांची उगवण ७२ आणि ७६ टक्के आहे. उभा अक्ष ७० पासून सुरू केला तर एक स्तंभ दोन घरं उंच, दुसरा सहा. चार टक्क्यांचा फरक तिप्पट दिसू लागला! स्तंभाची आपण लांबी वाचतो, म्हणून तो शून्यापासूनच हवा. लहान फरकच दाखवायचा असेल तर स्तंभ सोडा, ठिपके द्या. ठिपक्याची फक्त जागा वाचली जाते, अक्ष कुठूनही सुरू झाला तरी चालतं. १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं, की एकाच पट्टीवरच्या जागा आपण कोनांपेक्षा अचूक ताडतो. पाय चार्टमध्ये, म्हणजे फोडी पाडलेल्या वर्तुळात, वाचावे लागतात ते कोनच, तेव्हा सात फोडींचा पाय चार्ट नकोच. त्रिमितीतला तर मुळीच नको.

रंगांचं थोडक्यात सांगते. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना, विशेषतः पुरुषांना, त्यातला फरक जन्मतःच कळत नाही. निळा-नारिंगी बरा. आणि रेषेचं नाव रेषेशेजारीच लिहा, कोपऱ्यातल्या चौकटीत नको. स्तंभावरच्या त्या उभ्या काड्या प्रमाण विचलनाच्या (मोजमापं किती विखुरली आहेत) की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती डळमळीत आहे), तेही लिहा. परीक्षक हमखास विचारतात.

छापण्याआधी एक करा. ए-झीरो कागद ए-फोरच्या चौपट रुंद आणि चौपट उंच असतो. म्हणून अख्खं पोस्टर ए-फोरवर छापून सव्वा फुटावर धरलं, की पाच फुटांवरून जसं दिसेल तसंच ते दिसतं. अक्षावरचे आकडे वाचताना डोळे बारीक करावे लागले, तर फ्लेक्सवाल्याकडे अजून जाऊ नका.