पोरांना "लाईट बंद कर" म्हणणं आधी बंद करा

नमस्कार मंडळी! तर परत तोच प्रश्न. "ताई, पाच वर्षांचा मुलगा आहे, शंभर वेळा सांगितलं तरी फॅन चालू ठेवून बाहेर पळतो." अशा कमेंट इतक्या आल्यात की म्हटलं एकदाचं बोलूनच टाकू.

बेसिक पटापट. एलईडी लावा, एसी २४ वर ठेवा, नळ गळत असेल तर प्लंबरला बोलवा, शॉवरऐवजी बादली घ्या. झालं. आता यातलं पोरांचं काम कुठलं? एकही नाही.

पोरांना वीज दिसत नाही हो! आपल्याला बिल दिसतं, त्यांना काय दिसतं, तर ओरडणारी आई. म्हणून त्यांना मीटर दाखवा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा, शेजारी बहुतेक ३२०० असा आकडा असतो, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून, हो, थोडा वेळ फ्रीजसुद्धा, फक्त एक जुना ७५ वॅटचा फॅन लावा. दिवा साधारण १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. मग २००० वॅटचा गिझर लावा. सेकंदाला जवळजवळ दोनदा! माझी धाकटी तर "आई, हा घाबरला का गं?" म्हणाली. मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर एकाने वर थांबून फोनवर सांगायचं, आता लाव, आता बंद कर. पोरं अर्धा तास हलत नाहीत तिथून. फक्त हात लावायचा नाही, लांबून बघायचं, हे आधी बजावा.

पाण्याचंही तेच. "पाणी वाया घालवू नको" म्हणजे त्याला काहीच कळत नाही, कारण नळातलं पाणी जाळीतून गायब होतं. मग गायब होऊच देऊ नका ना. बाथरूमच्या नळाखाली बादली ठेवा आणि आज मुद्दाम नळ चालू ठेवून दात घासू दे त्याला. बादली किती भरली ते त्याचं त्याला दिसेल, आपण तोंड उघडायचं नाही. मग तेच पाणी मगाने कुंड्यांना घालायला लावा, चार फेऱ्यांत हात दुखले की आपोआप कळतं.

आणि एक, स्विचबोर्ड असतो साडेचार फुटांवर, तीन वर्षांच्या पोराचा हात पोचत नाही आणि आपण त्यालाच रागावतो, कमाल आहे! पोचत नसेल तर तुम्हाला हाक मारायची, एवढंच त्याचं काम ठेवा.

एका दादांनी लिहिलंय, आम्ही लाईट बंद केला की दहा रुपये देतो. दादा, तो लवकरच बंद करण्यासाठी लाईट लावायला लागेल, हुशार आहेत ही कार्टी. आणि ज्या ताईंची मुलगी आजोबा पेपर वाचत असताना फॅन बंद करून जाते, त्यांना इतकंच, रिकाम्या खोलीतला फॅन आणि माणूस बसलेल्या खोलीतला फॅन यातला फरक पण शिकवा की!

आता माझा खरा राग. सकाळी नळाला पाणी आलं की कालचं भरलेलं पिंप मोरीत ओतणारे आपण. का, तर शिळं झालं! झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं कसं होतं, मला कोणीतरी सांगा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, अन् आपण पोराच्या डोळ्यादेखत पिंप उपडं करतो, वर त्यालाच सांगतो नळ नीट बंद कर. तो ऐकत नाही, तो बघतो. प्यायचं नसेल तर नका पिऊ, फरशी पुसा, कपडे भिजवा. आरओमधून पाईपने बाहेर पडणारं पाणी पण तसंच, बादलीत धरा आणि ती बादली सांभाळायचं काम पोराला द्या, झाडांना मात्र ते रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

चला, तुमच्या मीटरवर काय आकडा आहे तो कमेंटमध्ये टाका, काही मीटरवर १६०० असतो, मग दिवा निम्म्यानेच लुकलुकेल. बिघडलाय असं समजून लाईनमनला फोन करू नका!