टेलचं पाणी

गुरुवार, दुपारी बाराची वेळ. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरातल्या कॅथेड्रलच्या दारापाशी काळे अंगरखे घातलेले आठ न्यायाधीश गोलाकार बसले आहेत. सगळे शेतकरी. तुरिया नदीच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच त्यांना निवडून दिलंय. वकील लागत नाही. पाण्याची तक्रार तोंडी, जबाब तोंडी, निकाल तिथल्या तिथे. आरोपी डाव्या काठच्या कालव्यावरचा असला, तर निकाल उजव्या काठचे सुचवतात.

शतकानुशतकं हे न्यायालय टिकलंय. पण त्याचं खरं बळ शेतात आहे. इथलं पाणी जमिनीशी जोडलेलं आहे, ते वेगळं काढून विकता येत नाही. पाळी आली की पाटाचं दार उघडायचं, पिकाला लागेल तेवढं पाणी घ्यायचं, वाया घालवायचं नाही. वेळेला हजर नसलात तर पाळी गेली, पुढच्या फेरीची वाट पाहायची. त्यामुळे पुढचा शेतकरी आधीच येऊन उभा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत पाणी चोरणार कसं? म्हणजे राखण होते, आणि तिच्यासाठी वेगळा खर्चही नाही.

सामायिक पाणी, कुरण, जंगल लोकांच्या हाती राहिलं की उजाड होणारच, हा समज एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अशाच उदाहरणांनी खोडून काढला. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

नेपाळमधल्या शंभराहून अधिक सिंचन योजना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. शेतकऱ्यांनी बांधलेले बंधारे दगड आणि झाडाच्या फांद्यांचे, पुरात वाहून जाणारे. ते पुन्हा उभे करायचे तर हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळच्या, शेतकऱ्यांचे हात पुरत नाहीत, टेलच्यांना, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्यांना, बोलवावंच लागतं. टेलचे राबतात, आणि त्या बदल्यात शेवटच्या शेतापर्यंत पाणी सोडावं लागतं.

मग कुठे काँक्रीटचा पक्का बंधारा होतो. दुरुस्तीची कटकट मिटते, आणि तिच्याबरोबर टेलच्या माणसाची गरजही. हेडचे मनसोक्त पाणी घेतात, टेलची शेतं कोरडी पडतात. बांधकामात काहीच चूक नसते. आराखड्यात फक्त नदीचा जोर धरलेला असतो, ही देवाणघेवाण धरलेली नसते. म्हणून पक्का बंधारा घालायचा असेल, तर पहिली पाटी टाकण्याआधीच टेलचा वाटा लेखी ठरवावा, आणि पाटातला गाळ काढायचं काम दोघांनी मिळून करायचं, हेही त्यातच लिहावं.