खिडकीजवळची जागा

(दृश्य : वाईतील एका घराचे मागचे अंगण. भिंतीला टेकवलेले फ्रिजचे रिकामे खोके.)

या खोक्यातून आलेला फ्रिज शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात केव्हाच कामाला लागला आहे. खोके मात्र आमच्या अंगणात उभे आहे आणि येत्या रविवारपर्यंत त्याची एसटी व्हायची आहे. रविवारी माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. एसटीत वाहक म्हणून त्यांनी उभी हयात काढली, आणि घाटातल्या गच्च भरलेल्या गाडीत तिकिटे फाडत ती खरोखरच बरीचशी उभ्याने काढली. वाई ते महाबळेश्वर या मार्गावरच्या पसरणी घाटाची वळणे त्यांना आजही डोळे मिटून सांगता येतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एसटीने राज्यात मोफत प्रवास करता येतो, ही गोष्ट ते गेले वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आहेत. त्यामुळे फोटोसाठी अंगणात काय उभे करायचे, यावर घरात फार चर्चा झाली नाही.

घरगुती समारंभात हल्ली ‘सेल्फी पॉइंट’ नसला तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. बाजारात त्यासाठी फ्लेक्सची चौकट मिळते, काडीला चिकटवलेल्या मिश्या, गॉगल आणि फेटे मिळतात. ते सोयीचे असते. पण बारशाला, साखरपुड्याला आणि पंचाहत्तरीला तीच मिशी ओठांवर धरलेली पाहिली की मला त्या फोटोतली माणसे ओळखू येतात, प्रसंग ओळखू येत नाही.

सोंग घेऊन फोटो काढण्याची हौस मात्र जुनीच आहे. सायबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पंचवीस सेंटमध्ये आठ फोटो देणारे यंत्र बसवले, तेव्हा त्यापुढे रांगा लागल्या होत्या. आपल्याकडे ही हौस जत्रेतल्या फोटोवाल्याने पुरवली, रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या मोटारीत, विमानात किंवा चंद्रकोरीवर बसवून. आजीच्या पेटीत असा एक फोटो आहे. त्यात आबा विमान चालवत आहेत आणि आजी त्यांच्यामागे पदर सावरून बसली आहे. विमानात बसण्याचा योग दोघांनाही अजून आलेला नाही.

(दृश्य : खोक्याचा एक उभा सांधा कापून ते जमिनीवर उलगडले जाते.)

दोन दारांच्या मोठ्या फ्रिजचे खोके उलगडले की जवळजवळ सहा फूट उंच आणि दहा फूट लांब असा अखंड पुठ्ठा हाती येतो. एवढा मोठा पुठ्ठा विकत आणायला गेले तर सहजी मिळत नाही, रद्दीच्या दुकानात मात्र मिळतो. मखरासाठी थर्माकोल वापरण्याची सवय आमच्या घरालाही होती. २०१८ मध्ये राज्यात त्यावर बंदी आली आणि आम्ही पुठ्ठ्याकडे वळलो. थर्माकोल मुकाट्याने कापला जातो. पुठ्ठ्याचे तसे नाही, त्याला स्वतःची दिशा असते. त्याच्या दोन कागदांच्या मध्ये जो नागमोडी कागद असतो, त्याच्या नळ्या खोक्यात उभ्या धावतात, म्हणून पुठ्ठा उभा ताठ राहतो. पण खोक्याच्या चार बाजूंच्या तीन घड्या त्याच दिशेने जातात, आणि वाऱ्याची झुळूक आली की तो नेमका त्या घड्यांवर पुस्तकासारखा मिटू लागतो. यावर उपाय म्हणून मागच्या बाजूने, घड्यांना आडव्या अशा बांबूच्या तीन लांब कामट्या बांधल्या. पुठ्ठ्याला भोके पाडून सुतळीने आवळल्या, कारण नुसत्या चिकटपट्टीने कामटी उन्हात तासभरही टिकत नाही.

दोन घड्यांच्या मध्ये अडीच फुटांची पट्टी असते. अशा चार पट्ट्या म्हणजे चार खिडक्या. प्रत्येक खिडकी बावीस इंच रुंद ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार इंच पुठ्ठा उरतो आणि काप घडीवर येत नाही. कटरचे पाते नवे असावे आणि काप एका दमात घेऊ नये. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसरीत मधला, तिसरीत खालचा, असे कापले तर कड फाटत नाही. खाली जुना पाट ठेवला होता. त्या पाटावर आता चार खिडक्यांचा इतिहास कोरला गेला आहे आणि आजीने तो अद्याप पाहिलेला नाही.

चूक झाली ती उंचीत. खिडकीचा खालचा काठ आम्ही चार फुटांवर धरला, कारण माप घेताना माझा चुलतभाऊ उभा होता आणि त्याच्या छातीपर्यंत काठ येत होता. चारही खिडक्या कापून झाल्यावर आबांना बोलावले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते मागच्या खुर्चीवर बसले, आणि समोरून आम्हाला दिसली ती फक्त त्यांची पांढरी टोपी.

“अरे, गाडीत माणसं बसतात,” आबा आतून म्हणाले.

खुर्चीवर बसलेल्या माणसाचे खांदे जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असतात, म्हणून काठ तीन फुटांवर हवा होता. कापलेली खिडकी खाली सरकवता येत नाही. अख्खी गाडीच खाली आणायची, एवढाच मार्ग होता. तळाचा एक फुटाचा पट्टा आम्ही सरळ कापून टाकला. आता सगळेच पाहुणे खुर्च्यांवर बसणार, लहान मुलांच्या खाली दोन उशा जाणार आणि कोणालाही वाकावे किंवा टाचा उंचवाव्या लागणार नाहीत. गाडी बुटकी झाली खरी, पण माणसे गाडीत बसल्यासारखी दिसू लागली. सुरुवातीलाच आबांना खुर्चीवर बसवून माप घेतले असते, तर एक दुपार वाचली असती.

(दृश्य : गॅसवर खळ शिजते आहे. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या जातात.)

कापलेल्या कडांतून पुठ्ठ्याच्या नळ्या उघड्या दिसतात आणि फोटोत त्या हमखास डोळ्यांत भरतात. त्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवल्या. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची पद्धत आहे, म्हणजे तिला कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुले होती आणि गाडी एकच दिवस धावायची होती, म्हणून आम्ही ते टाळले.

रंगाने आणखी एक धडा दिला. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पाण्यातला रंग लावला की ती बाजू वाळताना आक्रसते आणि पुठ्ठा ढालीसारखा वाकतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या डिस्टेंपरचा पातळ हात दिला आणि मग पुढे लाल पोस्टर रंग लावला. चकचकीत तैलरंग मुद्दाम वापरला नाही. त्यावर फ्लॅश पडला की फोटोत पांढरा डाग येतो. खिडक्यांच्या चौकटी फिकट पिवळ्या ठेवल्या, कारण चेहऱ्याला लागून लाल रंग असला की गालांवर त्याची झाक पडते. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद आत्याने हाताने रंगवले. एका खिडकीखाली ‘शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये’ ही सूचना आबांच्या आग्रहावरून आली.

तळाच्या कापलेल्या पट्ट्याचे काय झाले, हे सांगायलाच हवे. एक फूट रुंद आणि दहा फूट लांब अशा त्या तुकड्यातून दोन फुटी दहा पाट्या निघाल्या, आणि छताखाली पुठ्ठ्याच्या दोन आडव्या पट्ट्या चिकटवून त्या पाट्या सरकवण्यासाठी खाच केली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, म्हणून एक पाटी तिची. एक अर्थातच वाई–महाबळेश्वर. उरलेल्या पाट्यांवर येणाऱ्या नातेवाइकांच्या गावांची नावे लिहिली, म्हणजे ज्याने त्याने आपली पाटी लावून बसावे. आत्याला मात्र दोन पाट्या लागल्या. माहेरची आधी लावावी की सासरची, यावर तिच्यात आणि काकांमध्ये अजून एकमत झालेले नाही.

(दृश्य : रविवार सकाळ. मांडवाच्या सावलीत उभी लाल गाडी.)

गाडीला मागून दोन लोखंडी स्टुलांचा आधार आहे आणि स्टुलांवर वाळूच्या पिशव्या आहेत. खुर्च्यांच्या मागे सोलापुरी चादर टांगली आहे. ती नसती तर मागच्या उन्हामुळे खिडकीतले चेहरे काळे आले असते. फोन खिडकीच्या उंचीला, दहा फुटांवर ठेवला आहे. फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढायचे ठरले, कारण पुढच्या कॅमेऱ्यात पाटीवरची गावे उलटी दिसतात आणि फोटो काढायचे सोडून सगळे ती वाचत बसतात.

बुटांच्या खोक्याची तिकीटपेटी केली आहे, तिला गळ्यात अडकवायचा पट्टा आहे, आणि रंगीत कागदांच्या गड्ड्यांवर आजची तारीख आहे. तिकिटाला भोक पाडण्यासाठी कार्यालयीन पंच आणला. आबांनी तो हातात घेऊन दोनदा दाबून पाहिला, आवाज बरोबर नाही असे सांगितले आणि तरीही दिवसभर खाली ठेवला नाही. छताच्या कडेला, बाहेरून, एक दोरी आणि देवघरातली जुनी घंटा बांधली आहे. एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला, हे वाहकाचे गणित आम्ही फोटोला लावले : वाहकाने दोन घंटा दिल्या की कॅमेरा दाबायचा. मोजून आकडे म्हणण्यापेक्षा हे बरे ठरले. दुसऱ्या घंटेला सगळेजण आपोआप वर पाहतात आणि डोळे उघडे येतात.

दुपारपर्यंत आबांनी सगळ्या गावांची तिकिटे फाडली. खिडकीत बसा, असे त्यांना पाच-सहा जणांनी सांगून पाहिले. गाडी भरल्याशिवाय वाहक बसत नाही, हे त्यांचे उत्तर होते. शेवटी आजीने त्यांच्या गळ्यातली पेटी काढून स्वतःच्या गळ्यात घातली, त्यांना खिडकीत बसवले आणि तिकीट फाडून हातात दिले.

“किती झाले?” आबांनी विचारले.

“पंचाहत्तरीला पैसे नसतात,” आजी म्हणाली, आणि पाटीकडे पाहत राहिली. दोरी ओढायची असते, हे तिच्या लक्षातच आले नाही.

तेव्हा आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन घंटा दिल्या. फोटोत तो हात हलल्यामुळे पुसट आला आहे. खालची सूचना मात्र स्पष्ट वाचता येते.