लहान पावलांचा मोती तलाव

(दृश्य: दुपारचे साडेचार. तलावाचा कठडा. त्यावरून सरकत जाणारा एक छोटा हात.)

मोठी माणसं मोती तलाव एका नजरेत बघतात. साडेतीन वर्षांच्या मुलीला आधी दिसतो कठडा. मग कठड्यावरची मुंगळ्यांची रांग. मग त्या रांगेतला एक चुकार मुंगळा, आणि तो जातो कुठे ते बघत चार पावलं पुढे, दोन मागे. पाणी तिला दिसतं सगळ्यात शेवटी, बाबानं कडेवर उचलून घेतल्यावर.

(दृश्य: पाण्यापलीकडे राजवाडा. मागे नरेंद्र डोंगर.)

हे सावंतवाडी. जुन्या लोकांच्या तोंडी अजून सुंदरवाडी. गावाच्या मधोमध हा तलाव, 1874 साली बांधलेला. समोर जांभ्या दगडाचा राजवाडा. आम्ही इथलेच. माझी लेक साडेतीन वर्षांची, धाकटा पावणेदोनचा. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही चौघं इथे येतो.

आमच्या जिल्ह्याला समुद्र काही कमी नाही. वेंगुर्ला, शिरोडा, मालवण, जाल तिथे किनारा. पाहुणे आले की त्यांना आम्ही तिकडेच नेतो. घरातलं पोर चालायला लागलं, की त्याला मात्र पाणी दाखवायला आधी तळ्यावर आणतो. माघारी जाणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. त्यात धडधाकट माणसाचा तोल जातो, मग ज्याचं सगळं मिळून वजन दहा-बारा किलो, त्याची काय कथा! किनाऱ्यावर आईचा जीव सारखा टांगणीला. इथे तिला पोराशी दोन शब्द बोलता येतात.

तळ्याची भीती वेगळी असते, आणि ती मी इथे मुद्दाम सांगतो. लाट गाजत येते, तळं गप्प असतं. पाण्यात पडलेलं लहान मूल बहुतेक वेळा ओरडतसुद्धा नाही, हातपाय झाडत मुकाट खाली जातं. म्हणून कठड्यापाशी हात हातात, फोन खिशात. हात सुटतो तो बागेचं फाटक ओलांडल्यावरच.

(दृश्य: बागेचं फाटक. मुलं आत धावतात.)

तळ्याजवळची ही बाग जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाची. ते इथल्याच तिरोडा गावचे. आझाद हिंद सेनेत नेताजींचे चीफ ऑफ स्टाफ. हे शाळेत शिकवतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार सुटलेल्या कुटुंबांची मुलं त्यांच्यासमोर होती. त्या मुलांना कवायत, खेळ आणि व्यायामातून उभं करावं म्हणून 1954 साली त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. दिल्लीतल्या निर्वासित मुलांपासून सुरू झालेली ती योजना पुढे देशभरच्या शाळांत गेली. त्यांचं नाव मुलांच्या बागेला आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

(दृश्य: झोपाळा, जवळून. साखळी घट्ट धरलेली बोटं.)

आता हे बघा. धाकटा पहिल्यांदा झोपाळ्यावर बसतोय. साखळी इतकी आवळून धरलीय की बोटांची पेरं पांढरी झालीत. मी ढकलत नाही. पाठीला नुसता हात लावून उभा राहतो. झोपाळा वीतभर पुढे जातो, वीतभर मागे येतो. तोंडावर हसू नाही, रडूही नाही. सगळा जीव एकवटून तो काहीतरी समजून घेतोय. पाचव्या-सहाव्या झोक्याला एक बोट सुटतं. मग दुसरं. मग मान मागे जाते, आणि झाडाच्या फांद्या हलताना त्याला दिसतात. तिथे पहिल्यांदा हसतो.

एवढ्याला दहा मिनिटं गेली. मागे रांग असते, हे खरं. तरी लहानग्यांना घाई करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

(दृश्य: ओली घसरगुंडी. कडेला हिरवं शेवाळ. पावसाचा आवाज.)

आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने लोखंड भिजतं, पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दुसऱ्या एका गावच्या बागेत घसरगुंडीचा पत्रा कडेला उचकटला होता. लेकीच्या पोटरीला लांब ओरखडा आला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हापासून माझी सवय एकच. पोरांआधी मी हात फिरवतो. घसरगुंडीच्या दोन्ही कडा, झोपाळ्याच्या कड्या, फळीखालचे खिळे. उन्हाळ्यात पत्रा तापलाय का, तेही तळहाताला लगेच कळतं. मिनिटभराचं काम आहे.

(दृश्य: बाकावर सोडलेला डबा. खटखटे लाडू, केळी.)

भूक लागते ती नेमकी खेळ रंगात आल्यावर. घरून डबा आणलेला बरा. उरलेला पाव मात्र तळ्यात टाकू नका. मुलांना मजा वाटते, पण साचलेल्या पाण्यात तो कुजतो, पाणी घाण होतं. त्यापेक्षा त्यांना खंड्या दाखवा. काठाजवळच्या तारेवर निळा पक्षी बसलेला असतो, चोच भली मोठी. तो सूर मारेपर्यंत माझी लेक श्वास रोखून उभी राहते. एरवी तिला दोन मिनिटं गप्प बसवून दाखवा!

(दृश्य: चितार आळी. दुकानात टांगलेली लाकडी फळं.)

परतीची वाट चितार आळीतून. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची आंबा, केळी, सीताफळं. पोळपाट-लाटणं, भिंगरी, बाहुल्या. धाकट्यानं मागच्या वेळी लाकडी केळं सोलायचा खूप प्रयत्न केला. दुकानदारकाकांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं नाही. म्हणाले, "करूं दे त्याका. सोलला तर माका पण सांग."

(दृश्य: तिन्हीसांजा. राजवाड्याचे दिवे पाण्यात. घराचा उंबरठा.)

धाकटा खांद्यावर झोपलाय. एक चप्पल माझ्या खिशात. लेकीचे पाय मातीनं माखलेले.

आजी दारातच विचारते, "काय गो बाय, तळ्यार काय बघलंस?"

राजवाडा, डोंगर, झोपाळे, खंड्या. सगळं बघून झालंय. ती थोडा विचार करते.

"मुंगळो."