दोन टँकर, एक होज आणि ४८ तासांची सूचना

नमस्कार श्रोतेहो.

समुद्रात दोन टँकर एकमेकांना बांधून एकातलं तेल दुसऱ्यात उतरवतात. बंदरात मोठ्या टँकरला पुरेल एवढी खोली नसते, मग त्याचा माल लहान टँकरवर घेतला जातो. कधी तेल विकणाराच वाटेत गिऱ्हाईक बदलतो. या कामाचे नियम मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, आठव्या प्रकरणात आहेत. ते १ जानेवारी २०११ ला अमलात आले आणि १ एप्रिल २०१२ पासून अशा प्रत्येक कामाला लागू आहेत. १५० ग्रॉस टन आणि त्यावरचे तेलवाहू टँकर त्यांत येतात. भारतही या करारात आहे.

टँकर ज्या देशाचा झेंडा लावतो, त्या देशाने मंजूर केलेला कामाचा आराखडा टँकरवर हवा, आणि तोही तिथले खलाशी ज्या भाषेत काम करतात त्या भाषेत. पूर्ण कामावर देखरेखीला एक पात्र, अनुभवी माणूस नेमावा लागतो. कामाच्या नोंदी तीन वर्षं जहाजावर जपून ठेवायच्या. हे कागदी सोपस्कार वाटतील. ते का लागतात, हे डेकवर गेलं की कळतं.

दोन जहाजांच्या मध्ये हवेने फुगवलेले मोठे रबरी फेंडर असतात. तेल उतरू लागलं की एक जहाज वर येतं, दुसरं खाली बसतं. लाटांची उसळी असतेच. दोरखंड वेळच्या वेळी सैल-घट्ट केले नाहीत, तर ते तुटतात नाहीतर होजवर, म्हणजे तेल वाहून नेणाऱ्या जाड नळीवर, ताण येतो. म्हणून सुरुवातीला पंप अगदी हळू चालवतात. जोडणी कुठे पाझरत नाही ना आणि तेल ठरलेल्याच टाकीत जातंय ना, हे पाहूनच वेग वाढवतात. पुढे दर तासाला ‘आम्ही इतकं दिलं, तुम्ही किती घेतलं?’ असे आकडे ताडून पाहतात. मेळ बसला नाही तर पंप थांबवायचा आणि कारण शोधायचं.

सगळ्यात नाजूक वेळ टाकी भरत आल्यावरची. समजा, पंप ताशी ३,००० घनमीटर वेगाने चालू आहे. म्हणजे मिनिटाला ५० हजार लिटर. ‘थांबवा’ म्हणायला अर्धा मिनिट उशीर झाला, तर २५ हजार लिटर तेलाला जागा उरत नाही. शेवटी वेग आधीच उतरवायचा तो यासाठी. घाबरून घेणाऱ्या जहाजाने आपला व्हॉल्व्ह धाडकन बंद करणं तर आणखी वाईट: होजमध्ये दाब उसळतो आणि होज फाटू शकतो. आधी देणाऱ्याचा पंप थांबला पाहिजे, मग व्हॉल्व्ह. डेकवरची पाणी जायची भोकं, म्हणजे स्कपर, बुचं मारून बंद ठेवायची, म्हणजे सांडलेलं तेल डेकवरच अडतं. पाऊस आला तर साचलेलं पाणी सोडताना माणूस तिथेच उभा हवा.

आता माझ्या मते कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत, म्हणजे देशाच्या आर्थिक क्षेत्रात, हे काम करायचं असेल तर त्या देशाला किमान ४८ तास आधी कळवायचं. टँकरचं नाव, झेंडा, जागा, वेळ, तेलाचा प्रकार आणि प्रमाण, काम नांगरावर होणार की चालत्या जहाजांवर, आणि देखरेख कोणाची. पोचायची वेळ सहा तासांहून जास्त बदलली तर पुन्हा कळवायचं. आपल्याकडे समुद्रातल्या तेलगळतीशी दोन हात करतं तटरक्षक दल. तेल अडवायचे तरंगते बांध किनाऱ्यावरून निघून तिथवर पोचेपर्यंत तवंग पसरलेला असतो. कुठे आणि केव्हा हे आधी ठाऊक असेल, तरच तयारीला अर्थ आहे.

पण जहाज स्वतःच्या इंजिनासाठी इंधन घेतं, ते या प्रकरणात मोडत नाही. २०० मैलांपलीकडे कळवायला किनाऱ्याचा देशच नसतो. नेमकं तिथे जुने, ओळख लपवणारे टँकर आपला ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा बंद करून एकातलं तेल दुसऱ्यात उतरवतात. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराव केला, की भर समुद्रातल्या अशा कामाची खबर टँकरने निदान आपल्या झेंड्याच्या देशाला द्यावी. ठराव चांगला आहे, पण तो आवाहनच आहे. झेंडा देणारा देशच डोळेझाक करत असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

अरबी समुद्रात सांडलेलं तेल पावसाळी वाऱ्याने आपल्याच बाजूला येतं. कोकण-गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे लागतात, त्यात टाक्यांची धुणावळ असते, तशी गळतीही. दर्यावर जाणाऱ्या भावांनो, तवंग दिसला तर त्यात जाळं टाकू नका. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ, तवंग कुठल्या दिशेला सरकतोय आणि जवळच्या जहाजाचं नाव टिपून घ्या. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर तटरक्षक दलाला सांगा. फोनला रेंज असेल तर १५५४ लावा.