रिपोर्ट नॉर्मल, पाय पेटलेले

(शनिपार चौक, भर दुपार)

एप्रिलचं ऊन. गाडीवरच्या बाईच्या तोंडाला स्कार्फ, हातात लांब मोजे. पुण्यात याकडे कुणी वळूनही बघत नाही. या ताईंना मात्र ते घालावेच लागतात. त्यांना लुपस आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि उन्हाने हा आजार चाळवतो. दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात.

ऊन ताईंनी सांभाळलं. सांध्यांचं दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आलं. तळपाय मात्र जळत राहिले.

(घर, रात्र)

शहाबादी फरशीवर पाय टेकून त्या अशा बसतात. मिरची चोळल्यासारखी आग होते. पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो.

नसांची तपासणी झाली होती. हलका विजेचा झटका देऊन नस संदेश कसा वाहून नेते, ते यंत्र मोजतं. रिपोर्ट नॉर्मल आला. मग घरचे, शेजारचे सगळे म्हणू लागले, 'टेन्शन घेतेस तू.' पण ते यंत्र फक्त जाड तंतूंचं काम मोजतं. वेदना आणि थंड-गरम यांची जाणीव त्वचेतले बारीक तंतू देतात, आणि ते या तपासणीत सापडतच नाहीत. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन कितीतरी बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात.

(तपासणी कक्ष)

बारीक तंतू बघायचे तर त्वचेचा तुकडा काढावा लागतो, हीच त्वचेची बायोप्सी. बाहेरच्या घोट्यापासून 10 सेंटिमीटर वर खूण. भुलीचं छोटं इंजेक्शन. आता ही गोल पाती बघा, व्यास फक्त 3 मिलिमीटर. ती फिरवत आत जाते आणि त्वचेचा इवलासा तुकडा बाहेर येतो. टाका लागत नाही, पट्टी पुरते. दुसरा तुकडा मांडीवरून घेतात, कारण लुपसमधली इजा दरवेळी पावलांपासूनच वर चढते असं नाही.

(प्रयोगशाळा)

तुकडा गोठवून त्याचे 50 मायक्रॉन जाडीचे काप करतात. पीजीपी 9.5 हे मज्जातंतूंमधलं प्रथिन. त्याला चिकटणारं प्रतिपिंड कापांवर सोडलं की तंतू रंग धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे तपकिरी धागे दिसतात ना, तेच. खालच्या थरातून सीमा ओलांडून वरच्या थरात शिरलेला प्रत्येक धागा मोजायचा. दर मिलिमीटरला किती भरले, ते त्याच वयाच्या निरोगी बायकांच्या आकड्यांशी ताडायचं. हा काप निरोगी त्वचेचा: धागेच धागे. आणि हा ताईंचा. इथे एक, पुढे बराच वेळ काही नाही, मग तुटका अर्धा.

लुपसमधल्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या 19 विकारांची यादी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 साली केली. बारीक तंतूंची ही इजा त्यात वेगळी नोंदलेलीच नाही. ज्याला यादीत नाव नाही, ते ओपीडीच्या गर्दीत कोण विचारणार?

(घर, सकाळ)

मधुमेह नाही, बी 12 कमी नाही, हे आधी तपासून झालं होतं. आता जळजळीवर गॅबापेंटिन सुरू झालंय, लुपसच्या औषधांचाही फेरविचार चाललाय. शाळेतली नोकरी सुटली. शिकवण्या घरीच होतात.

तुमचेही तळपाय जळत असतील आणि नसांचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर डॉक्टरांना त्वचेच्या बायोप्सीबद्दल विचारा. ती सगळीकडे होत नाही. नमुना कुठे पाठवता येईल, तेही विचारून घ्या.